मुद्दाम करपवलेले जव

पाळण्यात बेबी हे नाव ठेवताना कुणी विचार केला नव्हता, की ही पोरगी एक दिवस साठीची होईल, नाकावर चष्मा येईल आणि तरी जग तिला बेबीच म्हणत राहील. औरंगाबादला ती बेबीताई होती. तिची थालीपिठाची भाजणी चार गल्ल्यांत प्रसिद्ध होती, कारण तिच्या कढईत दाणा करपत नसे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिच्याकडून डाळ करपली होती आणि सासूनं ती कढई दारात आणून सगळ्या आळीला दाखवली होती. तेव्हापासून बेबीताईनं करपण्याशी उभा दावा मांडला. नवरा गेल्यावर याच भाजणीच्या जोरावर तिनं लेकाला, नरेशला, इंजिनिअर केलं, आणि नरेशनं तिला सिंगापूरला, तोआ पायोहच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आणून बसवलं.

बसवलं हाच शब्द बरोबर आहे. नरेश सकाळीच हार्बरफ्रंटच्या ऑफिसात जायचा, सून एकता वन-नॉर्थच्या लॅबमध्ये. बेबीताई दिवसभर भिंतींकडे बघत बसायची. तेव्हा शेजारचं दार उघडलं ते हान आजींचं. या कोरियन बाई, तिच्याहून थोड्या मोठ्या, लेकीकडे राहायच्या. लेकीचं नाव सूजिन. कोणती लिफ्ट कुठल्या मजल्यावर थांबते इथपासून मार्केटात कोणता भाजीवाला मापात पाप करतो इथपर्यंत सगळं हान आजींनी तिला खुणांनी शिकवलं. संध्याकाळी दोघी खाली बाकावर लसूण सोलत बसायच्या. ही मराठीत सुनेची गाऱ्हाणी सांगायची, त्या कोरियनमध्ये लेकीची. दोघींचं झकास जमायचं.

मग हान आजींना विसरण्याचा आजार जडला. आधी त्या घराचा मजला विसरल्या, मग सूजिनचं नाव. २०१५ साली शेजारच्या देशातल्या जळत्या रानांचा धूर शहरावर येऊन बसला आणि सगळ्यांनी खिडक्या लावून घेतल्या, त्याच दिवसांत त्या पाणी प्यायच्याही थांबल्या. ग्लास पुढे केला की तोंड फिरवायच्या. एकदा इस्पितळात नेऊन सलाइन लावून आणलं. पुन्हा अशी वेळ आली तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयात ती बहुधा निघायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. हे एकताला सांगताना सूजिन दारातच रडली.

त्या रडण्यातच तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. आईच्या घरी साधं पाणी कुणी प्यायचंच नाही. भाजलेले जव पाण्यात उकळायचे, गाळायचे, आणि तेच गरम किंवा गार प्यायचं. त्याला बोरिचा म्हणतात. आई जव घरी भाजायची. सूजिननं ते कधी शिकून घेतलं नाही, ती दुकानातल्या टी-बॅग आणायची. आता आई ते टी-बॅगचं पाणी थुंकून टाकत होती.

बेबीताईच्या आजीला गावात पाणी मिळायचं ते वरून, ओंजळीत ओतलेलं, तेही ओतणाऱ्याची मर्जी असेल तेव्हा. ही गोष्ट त्या घरात कुणी विसरलेलं नव्हतं. भरल्या घरात माणूस तहानेनं वाळावा, हे बेबीताईला सोसवेना.

"नळी घालू द्यायची नाही," ती एकताला म्हणाली. "जव भाजायचेत ना? मग माझा जन्म कशात गेला?"

खालच्या सुपरमार्केटातली बार्ली तिनं आधी आणली. ती पांढरीशुभ्र, सालं काढून गुळगुळीत केलेली. तिची झाली चिकट पेज. सालीसकट जव हवे होते, आणि ते अखेर सापडले लिटल इंडियात, पूजेच्या सामानाच्या दुकानात. बेबीताई बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या घरातली. असल्या दुकानाची पायरी ती जन्मात चढली नव्हती. तोंडाला मास्क लावून, खोकत खोकत एमआरटी मेट्रोनं तिथवर गेलेली ही बाई बाहेर जरा घुटमळली आणि मग तरातरा आत शिरली. दुकानदारानं हवन कधी आहे ते विचारलं, तीळ आणि समिधाही पुढे केल्या. "हवन नहीं, पीना है," असं सांगून ती पिशवीभर जव घेऊन आली.

मग काय विचारता. जव धुतले, निथळले, लोखंडी कढईत मंद आचेवर भाजले. सोनेरी रंग आला, खमंग वास सुटला आणि अगदी नेमक्या क्षणी तिनं गॅस बंद केला. एकता म्हणाली, अप्रतिम. हान आजींनी एक घोट घेतला आणि तो ओठांच्या कडेनं सोडून दिला. दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी तोंडसुद्धा उघडलं नाही. त्यांचे ओठ आता फुटले होते. सूजिननं इस्पितळात न्यायची बॅग भरून दाराशी ठेवली होती.

"आई, थोडे जास्त भाजून पाहायचे का?" एकतानं भीत भीत विचारलं.

जास्त म्हणजे करपवायचे का, असं बेबीताईनं तिला फाडकन विचारलं. माझ्या हातून ते व्हायचं नाही, हेही सांगून टाकलं. पण त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. सकाळी उठल्याबरोबर तिनं कढई उचलली आणि थेट शेजारी गेली. हान आजींना गॅसपाशी स्टुलावर बसवायला लावलं. ज्यांचं आहे त्यांच्या समोरच भाजते, म्हणाली.

जव तडतडले. सोनेरी झाले. वास सुटला. बेबीताईचा हात सवयीनं गॅसच्या बटणाकडे गेला आणि तेवढ्यात हान आजींनी तिचं मनगट धरलं. त्या सुकलेल्या हातात एवढी ताकद कुठून आली, कोण जाणे. सूजिन सोडवायला पुढे झाली. बेबीताईनं मानेनं नको म्हटलं आणि मोकळ्या हातानं परतत राहिली.

जव तपकिरी झाले, मग काळपट. खिडक्या बंद, घरात धूर कोंडला. सूजिन खोकू लागली. बेबीताईला दारात उभी असलेली सासू दिसली, आळीतल्या बायका दिसल्या. सगळं अंग ओरडत होतं, की बंद कर, बंद कर. तिनं ओठ आवळले आणि परतत राहिली. आपल्या चांगल्या नावापायी आपण या बाईला तीन दिवस तहानलेलं ठेवलं, हे तिला त्या धुरात कळलं आणि फार लागलं.

मग हान आजींनी मनगट सोडलं आणि त्यावर हलकेच थोपटलं.

मूठभर जव उकळत्या पाण्यात पडले. पाणी गडद झालं. कप थोडा निवल्यावर हान आजींनी तो दोन्ही हातांनी धरला, वास घेतला आणि प्यायल्या. सगळा प्यायल्या. दुसराही. सूजिन भिंतीला टेकून खालीच बसली. तिसरा कप हान आजींनी अर्धा प्यायला आणि उरलेला सरळ बेबीताईच्या ओठांना लावला.

कडू होतं, धुरकट होतं. करपलेलंच होतं. हान आजी ती संपवेपर्यंत कप धरून होत्या, लहान मुलाला पाजावं तशा. आई गेल्यापासून बेबीताईला असं कुणी पाजलं नव्हतं. तिनं शेवटचा थेंबही सोडला नाही.

संध्याकाळी एकता घरी आली तेव्हा सूजिनच्या दाराशी बॅग नव्हती. कॉरिडॉरभर मात्र जळका वास होता, आणि तो आपल्याच स्वयंपाकघरातून येतोय हे कळल्यावर ती चपलांसकट आत धावली.

"आई, काही करपलं का?"

"करपलं नाही," बेबीताई म्हणाली. "मी करपवलं."

आणि पुढचे जव तिनं कढईत ओतले.