पायरीवरची बाई

नागपूर सोडलं तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं. बाहत्तरच्या दुष्काळानंतरचं दुसरं किंवा तिसरं वर्ष असेल. आमच्या मासिकाच्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ अडलं होतं आणि ते अडलं होतं एका चित्रातल्या बाईपायी.

झालं होतं असं, की आमच्या संपादकांनी मुंबईच्या एका प्रदर्शनात रावजी कांबळे नावाच्या कोल्हापूरच्या चित्रकाराची दोन चित्रं पाहिली आणि ते त्यांच्या प्रेमातच पडले. झाडं, गुरं, पाखरं, माणसं, सगळी एका मापाची. बगळा बाईएवढा, बाई झाडाएवढी. लांबचं लहान आणि जवळचं मोठं हा प्रकारच नाही. सावली नाही. म्हशीच्या शिंगाची रेघ न तुटता फांदीत जाते आणि फांदीतून बाईच्या हातात उतरते. मुंबईच्या जाणकारांनी ह्या नव्या शैलीचं नाव ठेवलं होतं ‘निसर्गसंवादी’. संपादकांनी मुखपृष्ठासाठी पत्र घातलं. उत्तरादाखल पोस्टकार्डाएवढं एक कच्चं चित्र आलं. पायऱ्यांची विहीर, काठावर उंबर, म्हैस, बगळे, आणि पायऱ्या उतरणारी, काखेत घागर घेतलेली एक सावळी बाई.

“सगळं उत्तम आहे,” संपादक म्हणाले, “पण दिवाळीला ही फाटक्या लुगड्यातली बाई कुठे घालता? तिच्या जागी दोन कमळं काढायला सांगा.”

तसं कळवलं. उत्तर नाही. पुन्हा कळवलं. उत्तर नाही. मग संपादक माझ्याकडे वळले. “कुलकर्णी, तुम्ही जा. चित्र घेऊनच या. बाईशिवाय.”

दीड दिवस गाडीत आंबून मी कोल्हापूरला उतरलो. सकाळची वेळ होती. स्टेशनाबाहेर टांगेवाल्यानं विचारलं, “कुठं जायाचं, पावणं?” मंगळवार पेठ म्हटल्यावर त्यानं मला आधी भर रस्त्यात एका म्हशीपुढे नेऊन उभं केलं. कोल्हापुरात आल्यावर धारोष्ण दूध प्यायचं असतं, हे त्यानं परस्पर ठरवलेलं. मालकानं माझ्यादेखत धार काढली आणि फेसाळ पेला हातात दिला. दूध खरोखर चांगलं होतं. पण मी ते संपवतो न संपवतो तोच म्हशीनं जागा बदलली आणि तिचा मागचा पाय माझ्या डाव्या अंगठ्यावर आला. मी ओरडलो. मालक शांतपणे म्हणाला, “तिच्या मागं कशाला हुबं ऱ्हायचं?”

पुढचे तीन दिवस मी लंगडत हिंडलो.

मंगळवार पेठेत इस्माईलभाईंचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. रावजी तिथेच काम करत. चित्रं काढायची ती फावल्या वेळात. इस्माईलभाई साठीचे, डोक्याला फडकं बांधलेले, एका ट्रकच्या फळीवर मोर रंगवत बसले होते.

“रावजी व्हय? त्यो गेलाय जोतिबाला.”

“कशाला?”

“माती आणाय.”

“कोल्हापुरात माती नाही?”

“हाय की. पर ती तांबडी न्हाय.” मोराच्या मानेला निळा हात देत ते म्हणाले, “खलून, गाळून, डिंकात कालवतोय. बाजारचा रंग चालत न्हाय त्याला.”

“मी येतोय असं कळवलं होतं हो!”

“आलंतं की कार्ड. हितंच कुठंतरी असंल.” त्यांनी डबे हलवून पाहिले. कार्ड सापडलं. त्यावर हिरव्या रंगाच्या ब्रशाची चाचणी घेतलेली होती.

“आणि ह्या निसर्गसंवादी शैलीबद्दल तुमचं काय मत आहे?” मी चिडून विचारलं.

“कसली शैली? आमी त्याला रावजीचं खूळ म्हंतो.” मग मला बसायला स्टूल सरकवून, चहा मागवून म्हणाले, “पर खूळ असं हाय बघा, एकदा बघितलं की मानूस जेवायचं इसरतंय.”

मी मात्र जेवण विसरलो नव्हतो. दुपारी खानावळीत तांबडा रस्सा आला. आम्ही नागपूरकर तिखटाला भीत नाही, असं मी वाढप्याला सांगितलं. हे सांगायला नको होतं. त्यानं हसून वाटी काठोकाठ भरली आणि माझ्यासमोर उभा राहून मी ती संपवतो का ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं जोतिबाचा डोंगर गाठला. देऊळ सुंदर, वारा सुंदर, खाली पसरलेला मुलूख त्याहून सुंदर, पण लंगडत चालणाऱ्याला सौंदर्यापेक्षा फरशीच्या कडाच जास्त दिसतात. त्यात यात्रेकरूंच्या एका जथ्यानं उधळलेला गुलाल माझ्यावर आला. बरोबर आणलेल्या दोन शर्टांपैकी चांगला तो गुलाबी झाला. नारळ-गुलालाच्या दुकानदाराला रावजींबद्दल विचारलं.

“येऊन गेला की काल. ही पाटी त्यानंच काढून दिली.” पाटीवर नारळ आणि पोपट एकाच मापाचे होते. “माती भरली पोत्यात आन् गेला आईकडं. कागलजवळ गाव हाय त्याचं.”

“परत कधी येतील?”

“त्ये आता त्याच्या मनावर.”

मी तिथल्याच पायरीवर बसलो आणि संपादकांना, रावजींना, म्हशीला आणि मुंबईच्या सगळ्या जाणकारांना मनातल्या मनात शिव्या घातल्या.

तिसऱ्या दिवशी कागल. हमरस्त्यावर गाडीनं सोडलं. तिथून उसाच्या फडांमधून दोन मैल चालत रावजींचं गाव. मुद्दाम नाव लिहीत नाही. गावाच्या कडेला, नव्या बुद्धविहाराच्या अलीकडे त्यांचं कौलारू घर निघालं. सोप्यात (घराच्या पुढच्या पडवीत) चाळिशीचा, बारीक अंगाचा माणूस दगडावर माती खलत होता. दोन्ही हात कोपरापर्यंत तांबडे.

“कुलकर्णी का? बसा की. लई हिंडिवलं तुमाला,” ते हसून म्हणाले. मला हसू आलं नाही. घसा कोरडा पडला होता. मी आधी पाणी मागितलं.

आतून त्यांची आई आली. भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत. “पाणी संपलंय बाबा. हिरीवरनं आणाय लागतंय. ह्याचं हात असलं, माझं गुडघं असलं. तुमीच आणा की, पावणं. लांब न्हाय.”

दीड दिवस गाडी, दोन दिवस पायपीट, सुजलेला अंगठा, आणि आता पाहुण्यानं स्वतःचं पाणी स्वतः ओढून आणायचं! मी घागर उचलली.

विहीर गावात होती. चांगली बांधलेली, खाली पाण्यापर्यंत पायऱ्या. काठावर उंबराखाली एक पागोटंवाले म्हातारे बसले होते. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“कुठलं पावणं?”

“नागपूरचा.”

“आडनाव?”

“कुलकर्णी.”

ते सावरून बसले. “आन् पाणी कुणाच्यात न्यायचं?”

मला उत्तर ठाऊक होतं. दोन शब्दांचं होतं. पण माझ्या तोंडून निघालं, “प्यायला.”

“मग भरा की,” ते म्हणाले. मी वर आलो तेव्हा त्यांनी उठून घागर खांद्यावर चढवायला हातसुद्धा लावला. मी रुमालानं तोंड पुसत, दम खाण्याचं निमित्त करून तिथेच रेंगाळलो. म्हातारे घराकडे वळले, दिसेनासे झाले, तेव्हा मी गावाच्या कडेची वाट धरली.

पाणी पिऊन झाल्यावर रावजींनी आतून चित्र आणलं. दोन हात लांब हार्डबोर्ड. कच्च्या चित्रावरून मला काहीच कळलं नव्हतं, हे तेव्हा कळलं. जोतिबाच्या मातीचा तांबडा, उंबराचा दाट हिरवा, पाण्याचा काळपट निळा, आणि ह्या सगळ्यांतून न तुटता फिरणारी ती एक रेघ. म्हैस, बगळे, झाड, बाई, कुणी कुणाच्या पुढे नाही, कुणी मागे नाही. मी आत्ता ज्या पायऱ्या उतरून आलो होतो त्याच ह्या पायऱ्या. इस्माईलभाईंचं म्हणणं पटलं. पण मी कामाला आलो होतो आणि चिडलेला होतो.

“चित्र फार चांगलं आहे,” मी म्हणालो, “फक्त ही बाई काढा. पत्रात कळवलंच आहे. कमळं टाका, पाखरं टाका, काही टाका. छपाईचे ब्लॉक करायला आठ दिवस उरलेत. तुम्ही उत्तर का दिलं नाही हो?”

“काय उत्तर देणार?” रावजी आईकडे वळले. “आये, ह्ये पावणं म्हंत्यात, तू चित्रातनं ऊठ.”

म्हातारी दाराशी बसली होती. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. चित्रातल्या बाईची हनुवटी तीच होती.

“उठून कुठं जाऊ?” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, खरोखरच विचारत होती. “पावणं, त्या हिरीची पायरी म्या कधी उतरली न्हाय. आमी काठापास्नं लांब हुबं ऱ्हायाचं. कुणी वरनं वतलं तर पाणी. एकदा हा पोटात हुता, दीस कलला तरी कुणी वतलं न्हाय. तशीच मोकळी घागर घिऊन आल्ती.”

“आणि आता?”

“आता कुणी आडवत न्हाय. आता गुडघं आडवत्यात.” ती हसली. “म्हनून ह्यानं मला चित्रात उतरिवलं.”

मी रावजींना विचारलं, “तुम्ही उतरला होता का कधी?”

“सातव्या वर्सी. चोरून.” ते माती खलतच बोलत होते. “खाली वाकून पाण्यात बघितलं. वरचा उंबर, काठावरची म्हस, बगळा, मी, समदं त्याच पाण्यात, एका मापाचं. पाण्यात लांबचं न् जवळचं नसतंय. तवा कळलं, बघायचं तर असं. मग वरनं धोंडा आला.”

“कुणी मारला?”

“त्यो मेला आता. त्याच्या नातवाच्या दुकानाची पाटी मीच रंगिवली.”

मुंबईच्या जाणकारांनी निसर्गसंवादी वगैरे जे लिहिलं होतं, त्यात ह्यातलं काही नव्हतं.

“मी संपादकांशी बोलतो,” मी म्हणालो. “बाईसकट घ्यायला लावतो.”

रावजींनी चित्र चादरीत गुंडाळलं आणि माझ्याबरोबर कागलला आले. पोस्टातून नागपूरला अर्जंट ट्रंक कॉल लावला. तासाभरानं लागला, तोही असा की एका शब्दासाठी तीनदा ओरडावं लागे.

“बाई काढता येत नाही!” मी ओरडलो. “बाई! चित्रातली!”

“का?”

“ती त्यांची आई आहे! तिला विहिरीवर…”

“कुठे?”

“विहिरीवर! पाणी भरू देत नव्हते!”

पोस्टातले सगळे लोक माझ्याकडे पाहत होते. मग संपादकांचा आवाज स्पष्ट आला. “कुलकर्णी, हा दिवाळी अंक आहे. तसं असेल तर चित्र राहू द्या. या परत.”

मी आणखी दोन वाक्यं बोललो असतो. नोकरीचा विचार मनात आला आणि मी फोन ठेवला.

रावजी बाहेर पायरीवर चादरीतलं चित्र मांडीवर धरून बसले होते. माझं ओरडणं त्यांना ऐकू गेलंच असणार.

“न्हाय म्हनालं?”

“हो.”

“बरं. येतो मग.” ते उठले. चार पावलं गेल्यावर वळून म्हणाले, “गाडीत पाय वर घिऊन बसा. सूज उतरंल.” आणि उसाच्या वाटेला लागले. हार्डबोर्ड वाऱ्यानं सारखा फिरत होता, रावजी तो दोन्ही हातांनी सावरत होते.

परतीच्या प्रवासात मी सगळ्यांवर चिडून पाहिलं. संपादकांवर, ट्रंक कॉलच्या लाईनवर, मनमानीनं थांबणाऱ्या गाडीवर. कशावरच राग टिकेना. मिरज गेलं, पुणं गेलं, आणि डोळ्यांपुढे तो उंबराखालचा म्हातारा आणि त्याचा तो साधा प्रश्न. त्यानं मला अडवलं नसतं. फार तर गप्प बसला असता, घागरीला हात लावला नसता. तेवढ्यासाठी मी दोन शब्द गिळले होते.

मुखपृष्ठावर कमळांचा फोटो आला. मी गेलोच होतो म्हणून संपादकांनी ‘कोल्हापूरची सफर’ असा चार पानांचा लेख माझ्याकडून लिहून घेतला. दूध, तांबडा रस्सा, जोतिबाचा गुलाल, सगळं खुमासदार लिहिलं. वाचकांची पत्रं आली. रावजींनी आईला चित्रातून उठवलं नाही, मी मात्र लेखातून विहीर, चित्र, रावजी, त्यांची आई आणि उंबराखालचा म्हातारा हलक्या हातानं काढून टाकली होती आणि कुणी मला तसं सांगितलंही नव्हतं.

अंक रावजींना पाठवला. पंधरा दिवसांनी इस्माईलभाईंच्या दुकानाच्या पत्त्यावरून कार्ड आलं. मोठ्या, पाटीवर काढावं तशा सुबक अक्षरात तीन ओळी होत्या.

“अंक पोचला. आईला वाचून दाखवला. ती विचारती, पावण्यांनी आपल्याला पाणी आणून दिलेलं त्यात कसं न्हाय?”

त्या कार्डाला मी उत्तर पाठवलं नाही. बऱ्याचदा लिहायला बसलो, मायना लिहिला आणि थांबलो. म्हातारी आता नसेल. तरी सांगायला हवं, म्हणून इतक्या वर्षांनी लिहितो आहे. आई, पाणी मी आणलं, पण ते कुणाच्या घरी नेतोय हे विचारल्यावर सांगितलं नाही. कांबळ्यांच्यात नेत होतो.