मे महिन्यात बुजवलेल्या फटी

मी चौथीपर्यंत शिकलो. तंजावरहून मद्रासला आलो तो रेल्वेत गँगमन म्हणून, आणि तीस वर्षं रूळ सांभाळले. एवढं केल्यावर मला कोणी काही शिकवायला आलं की माझं डोकं फिरायचं.

घर जुनं. माडीची जमीन सागवानी फळ्यांची, आणि देवही माडीवरच. सकाळी पूजेला वर गेलो की फळ्या करकरत, खाली पाळण्यातला नातू दचकून रडायला लागे. फटींतून धूळ पडे ती त्याच्या तोंडावर. सून पदराने त्याचं तोंड पुसायची आणि वर बघायची.

एक दिवस मुलगा म्हणाला, "अप्पा, आवडी गावात आमच्या फॅक्टरीचं क्वार्टर मिळतंय. जमीन सिमेंटची आहे."

"आणि हे घर?"

"माडी नीट झाली तर कशाला जाऊ? पण आसारीला बोलवा. तुम्ही हात लावू नका."

आसारी म्हणजे आमच्याकडचा सुतार, मला मानाने 'अय्या' म्हणणारा. आला, उकिडवा बसून फळ्या दाबून पाहिल्या. "अय्या, खिळे काढून स्क्रू मारतो, करकर जाईल. फटी मात्र बुजवू नका. ऐप्पसी महिन्यात, दीपावळीच्या सुमाराला पाऊस लागला की त्या आपोआप मिटतात."

मी हसलो. "तीस वर्षं रुळांच्या फटी सांभाळल्या मी. तू मला फट शिकवतोस?"

"ते लोखंड, अय्या."

"मग हा काय केळीचा खांब आहे?"

त्याने हत्यारं गोणपाटात गुंडाळली आणि गेला.

माझा हिशेब सरळ होता. रूळ उन्हात लांबतो. भर दुपारी जी फट उरते ती फाजील, ती बुजवली तरी धोका नाही. म्हणून मी मुद्दाम अग्निनक्षत्राची वाट पाहिली. मे महिन्याच्या दुपारी, कौलांखाली भट्टी पेटलेली असताना, सागाच्या पट्ट्या तासून एकेक फट ठोकून ठोकून भरली. सुरीचं पातं जाणार नाही इतकी. वरून स्क्रू आवळले. तळहाताची साल गेली.

फळ्या गप्प झाल्या. मी पाय आपटून दाखवला, नातू हलला नाही. "जिंकलात अप्पा," मुलगा म्हणाला आणि क्वार्टरचा अर्ज मागे घेतला. ते चार-पाच महिने मी छाती काढून हिंडलो. आसारी वाटेत दिसला तर मुद्दाम समोरून जायचो.

ऐप्पसीत पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी देवापुढे बसलो होतो, तर बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. मधल्या दोन फळ्या कमान होऊन उठल्या होत्या. फळ्यांच्या रेट्याने कडेची भिंत फुटली आणि चुन्याचं ढेकूळ खाली गेलं ते पाळण्यात. पोर आईच्या मांडीवर होतं, म्हणून वाचलं.

मुलगा ओरडला असता तर मीही ओरडलो असतो. त्याने पाळण्यातलं ढेकूळ काढलं, उंबऱ्यावर ठेवलं आणि पाळण्याच्या दोऱ्या सोडायला लागला.

"लाकूड पाणी पितं हे मला काय ठाऊक?" मी म्हणालो.

"आसारीने सांगितलं होतं, अप्पा."

त्याने क्वार्टरचा अर्ज पुन्हा टाकला. तिकडे राहायला जाताना सून म्हणाली, "मामंजी, तुम्हीही चला ना."

"मी सिमेंटवर निजत नाही," मी म्हणालो. पुन्हा विचारील असं वाटलं होतं. नाही विचारलं.

आता त्या फळ्या उन्हाळ्यात बसतात, पावसात उठतात, आणि पहिल्यापेक्षा जास्त करकरतात. पट्ट्या काढायच्या म्हटल्या तर अर्ध्या दिवसाचं काम. काढल्या नाहीत. आसारीला बोलावलं नाही.

दीपावळीला ते येतात. नातू चालायला लागल्यापासून जिन्याकडे धावतो, आणि दर वेळी खालून मुलाचा आवाज येतो, "वर जाऊ नको रे, तिथं काही धड नाही."

मी वरच बसलेला असतो.