माय क्लेमेंटीनकडे होती तो दिवस

राजेळी केळ्यांचा अर्धा घड सोलून झाला होता, अर्धा राहिला होता, तेव्हा क्लेमेंटीनमावशीच्या अंगणात मोटरसायकल थांबली. सात फेब्रुवारी अठ्ठ्याण्णव, शनिवार. सुकेळी करायची तर ऊन चढायच्या आत केळी चटईवर पडली पाहिजेत, म्हणून मी आणि शेजारची हेलन मदतीला बसलो होतो.

"काकी, जरा बोलायचं होतं." हितेश होता. हितेश म्हणजे शेठच्या ऑफिसातला. आणि शेठ म्हणजे आमच्या बस्त्यावमास्तरांच्या खुनाचा आरोप ज्याच्यावर आहे तो बिल्डर. आरोपपत्र दाखल झालं, शेठ जामिनावर सुटून आला, खुनाला सोळा महिने झाले, आणि आम्ही अजून खटल्याची वाट बघतोय. तो ठाण्याला चालणार आहे.

"बोल की," मावशी म्हणाली. "पन बस म्हननार नाय. चटईवर केळी आहेत."

हितेश हसला. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "तुमचा जबाब वाचला, काकी. आमच्या वकिलांना कॉपी मिळते. चौदा ऑक्टोबरला पहाटे तुम्ही मास्तरांना शेठच्या जीपमध्ये बसताना बघितलं, असं आहे यात. बरोबर?"

मावशीची बोटं साल ओढतच होती.

"आता बघा. चौदाला मास्तर दिवसभर शाळेत होते. हजेरीपटावर सही आहे. म्हणजे तुम्ही बघितलं ते दुसरंच कोणीतरी. तुमचं टेन्शन संपलं ना! कोर्टात या, यात लिहिलंय तेवढंच बोला आणि घरी जा. आम्ही तुम्हाला एक शब्द खोटं बोलायला सांगत नाही. उलट आता बदलायला गेलात तर लोक म्हणणार, म्हातारीला कोणीतरी पढवलं."

तो निघाला. मोटरसायकलला किक मारता मारता म्हणाला, "सुकेळी झाली की पाठवा ऑफिसात. शेठना फार आवडतात."

"तुरुंगात डबा नेऊ देतात म्हनतात," मावशी म्हणाली. "तिकडेच पाठवीन."

धूळ खाली बसायच्या आत हेलनने छातीवर क्रूसाची खूण केली. "देवानंच सोडवलं गं तुला, क्लेमेंटीन! खोटं पन बोलायचं नाय आनि वैर पन नाय. गप बस आता."

"देवाला सोडवायचंच असतं," मावशी म्हणाली, "तर त्या पहाटे त्यानं माझे डोळे झाकले असते."

आता ही चूक झाली कशी ते सांगितलं पाहिजे, कारण ती पोलिसांची नव्हती, आमचीच होती.

ऑक्टोबर म्हणजे आमचा माळेचा महिना. महिनाभर मरियामातेची मूर्ती आळीतल्या एकेका घरी मुक्काम करते. रोज संध्याकाळी एका घरी माळ, म्हणजे रोझरीची प्रार्थना होते, मग गाणी म्हणत, मेणबत्त्या घेऊन आम्ही मायला पुढच्या घरी पोचवतो. तिथे ती दुसऱ्या संध्याकाळपर्यंत राहते. ज्याच्या घरी माय आहे त्याने दिवस उजाडायच्या आत तिच्यापुढे ताजी फुलं ठेवायची, हा नेम. पाळीची यादी मी करते आणि माझ्या दारावर लावते. यादीत नावापुढे तारीख असते ती माय ज्या संध्याकाळी येते ती. हे आम्हाला कोणी कधी शिकवलेलं नाही, आणि आम्ही कोणाला कधी समजावून सांगितलेलं नाही.

शहाण्णव साली चौदाच्या संध्याकाळी माय हेलनच्या घरून क्लेमेंटीनमावशीकडे आली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे पंधराच्या पहाटे, मावशी फुलांसाठी बावखलावर गेली. बावखल म्हणजे वाडीतलं पावसाचं पाणी धरून ठेवणारं लहानसं तळं. त्याच्या जिवावर आमच्या विहिरींचं पाणी गोड राहतं. त्याच्या काठाला सोनटक्का फुलतो. तिथे तिने शेठची जीप बघितली, मास्तरांच्या खांद्यावर शेठचा हात बघितला, मास्तर जीपमध्ये बसले ते बघितलं. सोळा तारखेला सकाळी मास्तर त्याच बावखलात सापडले.

चौकीत हवालदाराने विचारलं, "तारीख?" मावशी दुसरी शिकलेली. तिचं कॅलेंडर म्हणजे सण. मुलाचा जन्म ती "नाताळच्या आधीचा दुसरा रविवार" असाच सांगते. ती म्हणाली, "माय माझ्याकडे होती तेव्हाची पहाट." हवालदार बिचारा घाटावरचा. त्याने माझ्या दारावरची यादी मागवली, क्लेमेंटीनच्या नावापुढे चौदा बघितले आणि चौदा लिहिले. जबाब वाचून दाखवला. मावशीने मान हलवली, अंगठा दिला. मी शेजारी उभी होते. मलाही काही खटकलं नाही. यादी माझ्याच हातची होती ना!

मावशी एकोणसाठ वर्षांची आहे. माहेर आगाशीकडचं. सतराव्या वर्षी लग्न होऊन आमच्या आळीत आली. नवरा पास्कू काविळीने गेला तेव्हा मुलगा आठ वर्षांचा होता. मावशीने वाडी स्वतः केली, केळी, पानवेल, अळू, सगळं. मुलगा आता मस्कतला आहे. फोनवर एकच सांगतो, "आई, तू यात पडू नको." ती म्हणते, "पडायला मी काय विहीर बघितली नाय का?" आणि फोन ठेवते.

पंचाण्णव साली बावखलात भराव टाकायला शेठचे डंपर आले, तेव्हा बस्त्यावमास्तर हातात कागद घेऊन ड्रायव्हरला कायदा समजावत होते. ड्रायव्हर ऐकेना. मावशी पदर खोचून सरळ पाण्यात उतरली, कमरेपर्यंत. "टाक," म्हणाली, "माझं पन वजन आहे, भरावाला उपयोगी येईल." डंपर परत गेले. मास्तर तिला तेव्हापासून आमचा बांध म्हणायचे. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे, मोठ्याने हसायचे, आणि माळ म्हणताना हमखास पेंगायचे. मावशी त्यांना मेणबत्तीचा चटका द्यायची. अगदी हलका.

त्या पहाटेची एक गोष्ट जबाबात नाही. ती मावशीने मला सांगितली आहे आणि लिहायला परवानगी दिली आहे. मास्तरांनी जीपमध्ये बसण्याआधी वळून तिच्याकडे बघितलं होतं. तिच्या ओठावर नमो मरिया अर्धी झाली होती. अर्धी प्रार्थना तोडायची नाही म्हणून तिने हाक मारली नाही. पुरी होईपर्यंत जीप गेली. "अर्धी प्रार्थना मायला चालली असती," ती म्हणते. "मास्तरला नाय चालली."

खुनानंतर पेपरवाले आले, बावखलाचे फोटो छापले, तिकडे मुंबईपर्यंत आमच्या आळीचं नाव झालं. मग ते गेले आणि आम्ही उरलो. एका मुलीचं जमलेलं लग्न मोडलं; सासरकडचे म्हणाले, "त्या आळीत नको." मुलं शिकवणीला लांबच्या रस्त्याने जायला लागली. मास्तरांची बायको रेजिना चर्चमध्ये बसली की तिच्या बाकावर आपोआप जागा रिकामी राहायची. कोणाला तिच्याबद्दल राग नव्हता; फक्त कोणी बघेल, ही भीती. आणि गेल्या ऑक्टोबरात आम्ही रस्त्यावरून गाणी म्हणत जायचं सोडलं. दारं लावून माळ म्हणायची, आणि मायला पिशवीत घालून पुढच्या घरी पोचवायची. मीसुद्धा ती पिशवी धरली आहे. लाज वाटते, पण धरली आहे. मावशीच्या पाळीला तिने पिशवी अंगणात भिरकावली. "मायला भाजीसारखी आनता? ती कोनाला भिते? हेरोद राजा बाळाला मारायला निघाला, त्याला पन भ्याली नाय ती!" पण बाकीच्या घरांत पिशवीच चालली.

तर त्या शनिवारी केळी सोलून झाली, चटईवर पडली, हात धुतले. मावशी मला म्हणाली, "रिटा, यादी आहे ना तुझ्याकडे?"

यादी होती. मी रोजची वही ठेवते. यादी दारावरून उतरली की वहीला टाचते. चौदा तारखेच्या पानावर माझं लिहिलेलं होतं: संध्याकाळी साडेसातला माय हेलनकडून निघाली, मास्तर पुढे मेणबत्ती घेऊन, रस्त्यात वारा.

"मास्तर होते का?" मावशीने ते पान माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाली, "म्हनजे माय माझ्याकडे आली तेव्हा मास्तर जिवंत माझ्या दारात होता. आनि मी पहाट सांगते ती त्याच्यानंतरची. संपलं."

"संपलं कसं?" हेलन म्हणाली. "वही रिटाची, नि तुम्ही दोघी मैत्रिनी. वकील म्हनेल, घरी बसून लिहिलं."

"म्हनून तू पायजे," मावशी म्हणाली. "माय तुझ्या घरून निघाली. तू सांगायचं, कुठल्या संध्याकाळी."

हेलन उठून गेली. बांगडे तव्यावर ठेवले असल्यासारखी गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार. मिस्सा संपल्यावर बायका चर्चच्या पोर्चमध्ये थांबतात, चौकशा होतात, कोणाची सून, कोणाची गुडघेदुखी. मावशी पायरीवर उभी राहिली. तिला भाषण येत नाही. माळेला हाक देते तसाच आवाज लावला.

"ऐका गं. चौदा ऑक्टोबरच्या संध्याकाळी मायच्या बरोबर माझ्या घरी कोन कोन आलेलं? मला सरकारी वकिलाला नावं द्यायची आहेत. जी आली नाय तिनं नाव द्यायचं नाय. जी आली तिनं आली म्हनून सांगायचं. बाकी काय मागत नाय."

दोघीतिघी चपला शोधायला लागल्या. फाटकापाशी मोटरसायकलवर शेठच्या ऑफिसातला एक माणूस बसला होता, तो आरशात केस विंचरत होता. एकजण कुजबुजली, "क्लेमेंटीन, आपली पोरं आहेत गं."

"मास्तरला पन पोरं होती. पन्नास, एका वर्गात."

मग रेजिना पुढे आली. ती त्या संध्याकाळी आलेली नव्हती. आईच्या आजारपणासाठी माहेरी होती. ती म्हणाली, "मी आले नव्हते. ते मी लिहून देते. मी नव्हते म्हणूनच ते एकटे होते." ती रडली नाही. तिच्या आवाजाने दुसऱ्याच रडायला लागल्या.

आणि मागून हेलनचा आवाज आला, चिडलेला.

"सरका! वाट द्या!" ती गर्दीतून पुढे येऊन मावशीसमोर उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. "काल तू मला भित्री समजलीस ना? मी भितेच. रात्री कुत्रं भुंकलं तरी उठते. पन भिते म्हनजे खोटं बोलते असं कोनी सांगितलं तुला? माय माझ्या घरून चौदाच्या संध्याकाळी निघाली. सोमवार होता. मी पुसायच्या फडक्याने चौथरा पुसला आनि मास्तर म्हनाला, हेलन, मायच्या खालची धूळ पन पवित्र, ठेव थोडी. लिही, रिटा. हे सगळं लिही."

"धुळीचं पन?" मी विचारलं.

"धुळीचं पहिलं लिही!"

कोणीतरी हसलं. सोळा महिन्यांनी मास्तरांच्या नावावर कोणीतरी हसलं. मी पोर्चच्या कठड्यावर वही ठेवून लिहायला बसले. अँजेलिनाने नाव दिलं, मग तिच्या सासूने, मग एकेक. ज्यांनी चपला घातल्या होत्या त्यांतल्या दोघी परत आल्या. तिसरी गेली; तिला मी दोष देत नाही, आणि इथे तिचं नावही लिहीत नाही. अकरा नावं झाली. फाटकापाशी बसलेला माणूस आत येऊन मान उंच करून बघायला लागला, तेव्हा मावशीने वही माझ्या हातातून घेतली आणि त्याच्यापुढे उघडी धरली.

"वाच नीट. नावं बरोबर जाऊ देत शेठकडे. क्लेमेंटीनमधला ट पुसट आहे, तो घट्ट करून सांग."

त्याने वाचलं नाही. गेला. मोटरसायकलचा आवाज चर्चच्या मागे विरेपर्यंत आम्ही कोणीच हललो नाही. मग अँजेलिनाची सासू म्हणाली, "आता भीती गेली?" आणि हेलन म्हणाली, "कुठची जाते! पन आता अकरा जनींत वाटली."

दुपारी फादर येऊन गेले. म्हणाले, नुसती नावं पुरत नाहीत, सरकारी वकिलांकडे रीतसर अर्ज करून पुरवणी जबाब द्यावा लागेल, आणि उलटतपासणीत तारखेवरून मावशीला फाडून खायला बघतील. "तयारी आहे का, क्लेमेंटीन?"

"फादर," ती म्हणाली, "ते विचारतील, म्हातारे, पहिलं चुकीचं का सांगितलंस? मी सांगेन, चुकीचं सांगितलं नाय, तुमचा दिवस रात्री बारा वाजता कोनी नसताना सुरू होतो, आमचा सगळे जमले की सुरू होतो. आनि चुकलं म्हनाले तर चुकलं. चूक माझी. मास्तरला नेलं ती चूक नव्हती."

ती कोर्टात टिकेल का, मला माहीत नाही. खटला कधी उभा राहील तेही माहीत नाही. आज संध्याकाळी मी माळेत एकच मागणं मागितलं, की साक्षीच्या दिवशी तिच्या ओठावर शब्द अर्धा राहू नये.

यादीच्या आणि वहीच्या पानांच्या झेरॉक्स लागणार आहेत. आळीतून बाहेर पडलं की झेरॉक्सची दोन दुकानं आहेत. एक बाजारात, आणि एक माणिकपूरला, शेठच्या ऑफिसच्या अगदी खाली. हेलन म्हणाली, "बाजारातल्याकडे जा." मावशी म्हणाली, "त्याच्याकडे काळपट येतात."

उद्या सोमवार. दहा वाजता क्लेमेंटीनमावशी माणिकपूरला झेरॉक्स काढायला जाणार आहे.