बत्तीसची ओळ

ब्रश दातांत धरून, एक डोळा बारीक करून काका मूर्तीसमोर उकिडवे बसत. काही विचारलं की ब्रश न काढताच म्हणत, "डोळ्याला इचार गो." पेणच्या आमच्या कारखान्यात गणपतींची आखणी, म्हणजे डोळे रंगवणं, त्यांच्याकडे होती. मी दागिने रंगवते.

तुम्ही आलात तर मूर्तींच्या आधी मागची भिंत बघाल. आपल्या लेकीच्या अकरावीच्या जुन्या पुस्तकात काकांना आकड्यांचा एक त्रिकोण सापडला होता. कडेला एक-एक, आतला प्रत्येक आकडा वरच्या दोन शेजाऱ्यांची बेरीज. पुस्तकात त्यांना द्विपद सहगुणक म्हणतात, पण काकांना नावाशी घेणं नव्हतं. त्यांनी तो भिंतीवर मांडला. ब्रशला उरलेल्या लाल रंगाचा ठिपका ते विषम आकड्यावर देत, सम तसेच कोरे सोडत. ओळीला नाव तिच्या दुसऱ्या आकड्याचं. दोनची, चारची, आठची ओळ टोकांचे एक सोडले तर कोरी निघाली. "सोळाची पन कोरी येनार," असं त्यांनी मालकापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं.

सोळाची ओळ आली, आणि मधे दोन लाल ठिपके. मालक हसला, मला त्याचा रागच आला. सातवी शिकलेल्या माणसाने आयुष्यात एक गोष्ट स्वतः शोधली होती. त्या दिवशी काका चहाला उठलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारातच थांबले, मूर्ती तपासताना थांबत तसे.

"इकडं ये गो. पंधराच्या ओळीत सगळ्यांचे डोळे उघडे. ह्यो एकच मिटलेला, कोरा कसा?"

मी बेरीज करून पाहिली. तीनशे चौसष्ट आणि एक हजार एक. तेराशे पासष्टच्या जागी काकांनी तेराशे छप्पन्न लिहिलं होतं. तेवढं सुधारलं आणि सोळाची ओळ कोरी झाली. काकांनी मालकाला हाताला धरून भिंतीपाशी आणलं, मग दोन कप चहा घेतला.

पुढे त्यांनी आकडेच सोडून दिले. "शेजारी सारखे, तर खाली कोरा. येगळे, तर लाल." आता त्यांना बत्तीसची ओळ बघायची होती.

चोवीसच्या ओळीला हात थांबला. डोळ्यांत काचबिंदू निघाला, आखणी सुटली, आणि लेक त्यांना रोह्याला आपल्या घरी घेऊन गेली. निघताना ते भिंतीपाशी थांबले.

"बत्तीसची तू बघशील?" एवढंच विचारलं.

जेवणाच्या सुट्टीत मी रोज एक ओळ केली. एकतीसची सगळी लाल आली. काल बत्तीसची संपवून फोन लावला.

"तुझा डोळा काय सांगतो गो?"

"कोरी हाय, काका. दोनच ठिपके, टोकांना."

 

"चौसष्टला भिंत पुरंल ना?" काकांनी विचारलं.