अंगुस्तान कोणत्या काळचं?

नांगरणी झाली की मी शेतात खाली मान घालून फिरते. नवरा म्हणतो, "ढेकळं मोजून राह्यली काय वं?" म्हणू द्या. मी अंगुस्तानं शोधते. शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ना, ती धातूची टोपी. दिग्रसला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, आणि जुन्या अंगुस्तानांचं मला खूळच लागलंय. आमचा बंजाऱ्यांचा तांडा पूर्वी होता तिथे आता आमचं शेत आहे, तांडा पलीकडे सरकलाय. तांड्यातल्या बाया सदानकदा कपड्यांवर आरसे टाकत बसायच्या, त्यामुळे त्या मातीतून काही ना काही निघतंच.

यंदा एक पितळी निघालं. घरी आणून चिंचेच्या पाण्यात घासत होते, तर सासूने पाहिलं आणि तिथेच मटकन खाली बसली.

सासूला आम्ही याडी म्हणतो. याडी नवी नवरी असताना तिच्या सासूने तिला पुसदच्या बाजारातून पितळी अंगुस्तान आणून दिलं होतं. थोड्याच दिवसांत ते हरवलं. "हिनं माहेरी पोचवलं," असा आळ सासूने घेतला, तोही घरात नाही, तांड्याच्या मधोमध उभी राहून. सासू गेली, पण याडीची नणंद, आमची आत्याबाई, तिने तो आळ जिवंत ठेवला. लग्नकार्यात चमचा जरी सापडला नाही तरी म्हणणार, "भाभीच्या माहेरी पाहा!" लोक हसतात. याडीही हसते, पण तिचं तोंड एवढंसं होतं. मला आत्याबाईचा असा राग येतो म्हणून सांगू!

"माहंच हाय का वं हे, पोरी? नीट पाह्य," याडी म्हणाली.

आत्याबाई तेव्हा आमच्याकडेच मुक्कामाला होती. "हॅ! हे तं इंग्रजाच्या काळचं दिसते," ती म्हणाली. "भाभीचं कायचं?"

मी चष्मा लावला. मनातून घाबरलेच होते, कारण याडीचं मन राखायला खोटं सांगणं मला जमलं नसतं. हाताने घडवलेल्या अंगुस्तानावरचे, सुई अडकायचे खड्डे एक मोठा, एक बारका, असे वेडेवाकडे असतात. कारागीर एकेक ठोकायचा ना. पत्राही जाड असतो. याचा पत्रा पातळ होता आणि खड्डे एका ओळीत, शाळेतल्या पोरांसारखे. म्हणजे यंत्रावरचं. याडीच्या वयाच्या बायांनी मला अशीच दोन दिली आहेत, त्यांच्या लग्नातली.

"इंग्रज-बिंग्रज काही नाही," मी म्हटलं. "हे याडीच्या लग्नाच्या वक्ताचंच आहे."

"मंग माहेरी नेताना वाटेत पडलं असन," आत्याबाई म्हणाली आणि खी खी हसली.

माझं डोकंच फिरलं. अंगुस्तान उजेडात धरलं. त्याच्या टोकाला एक भोक होतं. झिजून पडलेलं नव्हे, तसं असतं तर कडा पातळ झाल्या असत्या. हे खिळा ठोकून पाडलेलं, कडा आत वळलेल्या, आणि भोकात तांब्याच्या तारेचा आकडा अडकलेला.

"शिवणारी बाई भोक कायले पाडन? सुई बोटात घुसन ना!" मी म्हटलं. "कोणीतरी याची घंटी केली होती. बकरीच्या पिल्लाच्या गळ्यातली."

आत्याबाईचं हसणं तोंडातच राहिलं. तिने अंगुस्तान माझ्या हातातून घेतलं, भोकाला डोळा लावला.

"अव माय!" ती म्हणाली. "माही पांढरी पाठ, बकरीचं पिल्लू! तिच्या गळ्यात म्याच बांधलं होतं. लहानी होती वं मी. देवाशप्पथ, इसरूनच गेलती."

आता आत्याबाई रडते की काय, असं मला वाटलं. याडी उठली आणि तिने दार सताड उघडलं.

"माह्यावर आळ तांड्यात घेतला होता," ती म्हणाली. "घरात सांगून नाही चालत."

आत्याबाई गुडघे धरत अंगणात गेली आणि ओरडली, "ऐका वं बायांनो! अंगुस्तान म्या नेलतं! बकरीच्या गळ्यात बांधलं होतं! भाभीनं नाही नेलं!" बाया दारादारात आल्या, एकमेकींना विचारू लागल्या, हसू लागल्या. मी हसत होते आणि डोळेही पुसत होते.

याडी खाटेवर बसून ऐकत होती.

"आणखी जोरात, बाई," ती म्हणाली. "खालच्या घरांपर्यंत नाही गेलं."

आत्याबाईने छातीत श्वास भरला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.