मोहनचा आवाज

दत्ताकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांवेर रोडवरच्या सबस्टेशनात रीडिंग लिहीत होते. त्याला आता दीड महिना झाला. फोन ठेवला, आणि इतक्या वर्षांत मला ऐकूच येईनाशी झालेली ट्रान्सफॉर्मरची गुणगुण एकदम ऐकू यायला लागली... पलीकडच्या गव्हावरून वारा येत होता. बराच वेळ मी नुसती ऐकत बसले.

मी इंजिनियर म्हणून इथे रुजू झाले तेव्हा काका आमच्या टीममधले सगळ्यांत जुने लाइनमन. बारीक चणीचे, धुवट खाकी शर्टातले. मीटिंगमध्ये खिडकीशी बसायचे आणि बाहेर शेताकडे बघत राहायचे. साहेब तासभर बोलत, बाकीचे माना डोलवत, काका गप्प. वाटायचं, हा माणूस इथे नाहीच. कुठेतरी त्या पिवळ्या उन्हात फिरतोय. मी मात्र सुरुवातीला खूप बोलायचे. एकदा साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडमजी, आपका कॉलेज खत्म हो गया." सगळे हसले. तेव्हा माझं तोंड मिटलं ते मिटलंच.

मग डिसेंबरातली ती दुपार... लाइन बंद करून तिघेजण वेगवेगळ्या खांबांवर दुरुस्तीला चढले होते. खाली उतरल्यावर प्रत्येकानं स्वतः फोन करायचा, मगच लाइन चालू करायची, असा नियम. दोघांचे फोन आले. तिसऱ्याचा, मोहनचा, आला नाही. गावागावांतून लोक विचारत होते, वीज कधी येणार? साहेब वैतागले.

"अरे भिया, दो उतर गए तो तीसरा भी उतर गया होगा. चालू करो!"

मोहनचा फोन कुठे आलाय, हे माझ्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. ऑपरेटरचा हात स्विचकडे गेला. तेवढ्यात काका खिडकीपासून वळले. आवाज जराही न चढवता म्हणाले, "साहब, रुकिए. मोहन की आवाज़ मैंने नहीं सुनी."

साहेब भडकले. काका स्विचपुढे जाऊन उभे राहिले. कधी न बोलणारा माणूस बोलला म्हणून असेल, ऑपरेटरनं हात मागे घेतला. सहा-सात मिनिटं गेली. मग मोहनचा फोन आला. तो उतरला होता, पण पक्कड वर राहिली म्हणून पुन्हा चढला होता.

नंतर चहा घेताना मी म्हटलं, "काका, मीटिंगमध्ये तर तुम्ही एक शब्द बोलत नाही."

"तिथे मी नाही बोललो तर कुणाचं काय बिघडतं, ताई?" मग हळूच म्हणाले, "तुमच्या पण लक्षात आलं होतं ना?"

मी मानेनंच हो म्हटलं. ते चहाच्या वाफेकडे बघत राहिले. "मी पण एकदा असाच गप्प बसलो होतो. कामावरच्या जोडीदाराचा हात गेला... त्यानं मला कधीच काही म्हटलं नाही. तेच जास्त लागतं."

माझ्या गप्प बसण्याबद्दल ते ऑफिसात कुणाजवळ बोलले नाहीत. पुढच्या मीटिंगमध्ये मीच उठले. "त्या दिवशी मलाही शंका आली होती आणि मी बोलले नाही. यापुढे सगळ्यांचे फोन आल्याशिवाय माझ्या शिफ्टमध्ये लाइन चालू होणार नाही." कुणी हसलं नाही. काका खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, त्यांनी ऐकलंच नाही.

परवा सुदामा नगरात त्यांच्या घरी गेले. काकूंना म्हटलं, "काका फारच कमी बोलायचे."

काकू चक्क हसल्या. "कोण, हे? अहो, घरी आले की यांचं तोंड बंदच नसायचं. मी पोळ्या करायची अन् हे ओट्याशेजारी बसून दिवसभराचं सगळं सांगायचे, पूरा का पूरा. एक दिवस तर शिरा करायला लावला. म्हटलं, काय झालं? तर म्हणे, आज आमची मॅडम बोलली."

त्या मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. ओट्याशेजारी, खिडकीतून येणाऱ्या उन्हात, एक बुटकं लाकडी स्टूल होतं.

"हलवलं नाही मी," काकू म्हणाल्या. "पोळी लाटताना अजून मधूनमधून तिकडे बघून हूं म्हणते..."