बेटावर झिरा

आमच्या सासूबाईंचा बैल उठला आणि माझं बसणं बंद झालं.

बैल पोट फुगून आडवा पडला होता. कर्जतच्या बाजारात सुकट विकायला येणाऱ्या कोळणीच्या सांगण्यावरून सासूबाई तिच्याकडच्या बेटावरच्या वेताळाला नवस बोलल्या. बैल पेंढा खायला लागला. आता नवस फेडायचा म्हणजे बैलगाडीनं धरमतरच्या खाडीपर्यंत, पुढं कोळणीच्या नवऱ्याच्या होडीतून, आणि बेटावर पाल ठोकून मुक्काम. वारा बरा असेल तेव्हाच परत आणतात म्हणे.

"संगं एक सून नेईन," सासूबाई म्हणाल्या. "दुसरी गुरं बघंल."

सुना दोनच, थोरली जाऊ आणि मी. मी तेव्हा सतरा-अठराची असेन, आणि समुद्र सोडा, खोपोलीच्या पलीकडचं काही पाहिलं नव्हतं. मला जायचंच होतं, पण तोंडानं मागायचं नाही एवढं शहाणपण होतं. जावेच्या आधी उठायचं, न सांगता गोठा झाडायचा, तांदूळ एकदा निवडले तरी पुन्हा निवडायचे. पालाच्या घोंगड्या मी इतक्या वेळा उलगडून पुन्हा घड्या घातल्या की सासरे म्हणाले, "त्या घोंगड्यांना बी जरा निजू दे गं."

मग सासूबाईंनी पाण्याचं काढलं. किती मडकी न्यायची? इथं माझी अक्कल उतू गेली. उन्हाळ्यात आमची नदी आटली की आम्ही वाळूत झिरा खणतो. हातभर खणलं की गोड पाणी झिरपतं, करवंटीनं भरून घ्यायचं. आमच्या आळीत माझ्याइतका लवकर झिरा कुणाला लागत नसे.

"मडकी कशाला?" मी म्हटलं. "करवंटी घेऊ. वाळू हाय तिथं झिरा हाय."

सासूबाईंना पटलं. त्यांनी तरी समुद्र कुठं पाहिला होता? मडकी परत उतरंडीला गेली आणि मी अंगणात अशी फिरले, जशी काही बेटाची पाटलीण.

पुढच्या बाजाराला सासूबाईंनी माझ्यादेखत कोळणीला हे कौतुकानं सांगितलं. कोळणीनं सुकटीची पाटी खाली ठेवली.

"बरं केलंस गं बाय," ती मला म्हणाली. "मीठ नको घेवस. त्या पान्यान भात आपसूक खारा होईल. आनि वाळू कुठली? समदा कातळ हाय. पहार घेऊन ये."

सगळा बाजार हसला असं मला वाटलं. हसली असतील चार माणसं. घरी आल्यावर सासूबाई उंबऱ्यातच म्हणाल्या, "थोरली येईल."

झालं. मला घर पुरेना. मी दोन मडकी उचलली, ओढ्यावर भरली, एकावर एक डोक्यावर ठेवली आणि सासूबाईंच्या डोळ्यांसमोरून शेताच्या बांधावरून हात सोडून चालले. पुन्हा ओतून पुन्हा भरून आणली. उन्हं उतरेपर्यंत माझं हेच. सासूबाई आधी बघेनात, मग बघायला लागल्या.

"बस कर गं," त्या शेवटी म्हणाल्या. "खळ्याचा चिखल केलास. चल तू. मडकी तुझ्या डोक्यावर. थेंब सांडलास तर वेताळाजवळ ठेवून येईन."

मी जिंकल्याच्या तोऱ्यात जावेकडं गेले. ती भाकरी थापत होती.

"मला कुठं यायचं होतं?" ती म्हणाली. "पान्याचं भ्या वाटतं मला. कुनी इचारलं का?"

इतके दिवस मी एकटीच शर्यत पळत होते. आणि ते कळलं तसा माझा तोरा उतरला. आता खरंच जायचं होतं. बिनकाठाच्या पाण्यात, फळ्यांच्या होडीतून.

"जाऊबाई, होडी उलटली तर?" मी हळूच विचारलं.

"मडकी हायेत ना तुज्याजवळ. रिकामं मडकं तरंगतं. वोत नि धर."

"आणि सासूबाई? थेंब सांडायचा नाही म्हणाल्यात."

तिनं भाकरी उलटली. "मग त्यांना इचारून वोत," ती म्हणाली.